शिशाशिवाय हिरवा उजेड: मँगनीज ब्रोमाइडची चकाकणारी पूड सांगलीच्या हवेत कशी बनवावी, मोजावी आणि टिकवावी

"मॅडम, माझं बोट पण चमकतंय की!"

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. प्रयोगशाळेचे पडदे ओढलेले, दिवे बंद, आणि एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची चार पोरं एका टॉर्चभोवती गोळा झालेली. काचेच्या कुपीतली पूड पोपटी पेटली होती, ते अपेक्षितच होतं. पण कुपी धरणाऱ्या मुलीच्या तर्जनीचं टोकही पिवळट हिरवं दिसत होतं. माझ्या पोटात गोळा आला. हातमोजे फाटले की काय? हात धुवायला लावले, साबण लावला, तरी टोक चमकतंच. मग तीच म्हणाली, "घरी हळदीची पॉलिश चालू आहे हो, सकाळी पोती भरत होते."

सांगलीत हा घोळ होणारच. हळदीतलं करक्युमिन अतिनील प्रकाशात पिवळं-हिरवं उजळतं, आणि आपली मँगनीजची पूडही हिरवीच उजळते. डोळ्याला फरक कळायला वेळ लागतो. त्या दिवसापासून हळद आमच्याकडे तुलनेचा नमुना म्हणून कायमची आली. पुढे दोन-तीन ठिकाणी ती भेटेल.

शिसं नसलेल्या, सेंद्रिय आणि धातू-हॅलाइड (धातूची क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड अशी संयुगं) असा संकर असलेल्या चकाकणाऱ्या पदार्थांवर प्रोजेक्ट करायचाय, पण ग्लोव्ह बॉक्स (हवा-ओल न शिरणारी, बाहेरून हातमोज्यांनी काम करायची बंद पेटी) नाही, बजेट तुटपुंजं आणि जून जवळ आलाय, अशांसाठी हे लिहिते आहे. हातात हवं ते एक फ्यूम हूड (वाफा बाहेर ओढणारं कपाट), एक बरा तराजू, एक डेसिकेटर (ओल शोषून नमुना कोरडा ठेवणारं काचेचं बंद भांडं) आणि शेजारच्या फिजिक्सवाल्यांशी गोडीगुलाबी.

शिसं का टाळायचं, आणि त्याजागी काय

२००९ मध्ये जपानमध्ये मियासाका यांच्या गटाने शिशाच्या हॅलाइड पेरोव्स्काइटवर (एका ठरावीक मांडणीच्या स्फटिकांवर) सौर घट करून दाखवला, कार्यक्षमता ३.८ टक्के. आज तोच आकडा २५ च्या पुढे आहे. मग एलईडी आले, क्ष-किरण शोधक आले. अडचण अशी, की या स्फटिकांतलं शिसं पाण्यात विरघळू शकतं. विद्युत उपकरणांत शिशाची मर्यादा युरोपच्या नियमांत आणि आपल्या ई-कचरा नियमांतही वजनाच्या ०.१ टक्का आहे.

म्हणून लोक वळले कथिल, अँटिमनी, तांबं, मँगनीज, इंडियम, बिस्मथ यांच्याकडे. ज्याला हात लावणार ते आधी नीट निवडा, कारण निम्मे प्रोजेक्ट इथेच फसतात.

कथिल दोन-संयुजी (दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या) अवस्थेत सुंदर पिवळं उजळतं, पण हवेतल्या ऑक्सिजनने चार-संयुजी झालं की दिवा विझला. ग्लोव्ह बॉक्स नसेल तर नादी लागू नका. अँटिमनीची क्लोराइडं नारिंगी-लाल उजळतात आणि आकडेही जबरदस्त देतात, पण अँटिमनी ट्रायक्लोराइड दमट हवेत पांढऱ्या ऑक्सिक्लोराइडमध्ये बदलतं आणि वर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. तांब्याच्या आयोडाइडला पिरिडीन जोडलं की थंडीत निळा आणि खोलीच्या तापमानाला पिवळा उजेड मिळतो, बघायला मजा येते, पण पिरिडीनचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो आणि मग प्राचार्य खाली येतात.

राहिलं मँगनीज. दोन-संयुजी मँगनीज हवेत बऱ्यापैकी स्थिर, स्वस्त, आणि आपल्या भागाला ओळखीचं. द्राक्षबागेवर मारतात ते मँकोझेब मँगनीजचंच, आणि कृषी सेवा केंद्रात सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून मिळतं ते मँगनीज सल्फेट. मात्र ते दुकानातलं सल्फेट इथे वापरायचं नाही. एक तर आपल्याला ब्रोमाइड हवं, आणि शेतीच्या मालात लोखंड असतं. लोखंडाचा अंशही उजेड गिळतो.

हे चमकतं कसं

यंत्रणा समजली नाही तर पुढची मोजमापं आंधळी होतात, म्हणून थोडं थांबते.

दोन-संयुजी मँगनीजच्या बाहेरच्या घरात पाच इलेक्ट्रॉन असतात आणि पाच खोल्या. प्रत्येक खोलीत एक, आणि पाचही जणांची फिरकी एकाच दिशेने. कुणाला वर उचलायचं तर त्याची फिरकी उलटी करावी लागते, आणि क्वांटमच्या नियमांना ते फारसं मंजूर नाही. त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, हे संयुग प्रकाश फार थोडा शोषतं. दुसरं, शोषलेला प्रकाश सावकाश सोडतं, शेकडो मायक्रोसेकंद घेऊन. या दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचे सगळे गोंधळ त्यातूनच निघतात.

रंग ठरतो शेजाऱ्यांवरून. मँगनीजभोवती चार ब्रोमाइड, चतुष्फलकी मांडणी, असेल तर हिरवा. सहा शेजारी, अष्टफलकी, असतील तर नारिंगी-लाल. अशा चतुष्फलकी मँगनीज संयुगांचे शोषण-वर्णपट कॉटन आणि गुडगेम यांनी १९६२ सालीच छापलेत, म्हणजे विषय नवा वाटला तरी रेणू आपल्या आजोबांच्या काळातला आहे.

आता सेंद्रिय भागाचं काम. धन आयन जितका थोराड, तितके हे मँगनीजचे चतुष्फलकी दिवे एकमेकांपासून लांब राहतात. जवळ असते तर एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे उड्या मारत एखाद्या दोषापाशी जाऊन वाया गेली असती. लांब ठेवले की ज्याची ऊर्जा त्याच्याचकडे. याला शून्य-मितीय रचना म्हणतात. टेट्राफिनाइलफॉस्फोनियम हा असाच थोराड आयन, भोवती चार बेंझिनची कडी. ती कडी पाण्यालाही थोडं लांब ठेवतात. टेट्राइथाइलअमोनियम स्वस्त पडतं आणि तेही हिरवं उजळतं, पण आमच्या अनुभवात ते दमट हवेत लवकर चिकटतं. मी फॉस्फोनियमच घेते.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. दिवे असे एकमेकांपासून तोडलेले असल्यामुळे हा पदार्थ वीज वाहत नाही. सारांशात "सौर घटासाठी उपयुक्त" असं लिहून आणणाऱ्या प्रत्येकाची वही मी परत करते. याचा उपयोग एका रंगाचा प्रकाश दुसऱ्या रंगात बदलणं आणि क्ष-किरण दृश्य करणं, हा.

वजनं

एक मिलिमोल माल करायचा, त्याहून जास्त नको.

टेट्राफिनाइलफॉस्फोनियम ब्रोमाइड ०.८३९ ग्रॅम, म्हणजे २ मिलिमोल. मँगनीज ब्रोमाइड टेट्राहायड्रेट ०.२८७ ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल. सगळं जमलं तर १.०५३ ग्रॅम पूड निघायला हवी.

मँगनीज ब्रोमाइडच्या बाटलीवर "निर्जल" लिहिलं असेल तर ०.२१५ ग्रॅम पुरे, पण त्या लेबलवर विश्वास ठेवू नका. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी उघडून झाकण अर्धवट लावलेली बाटली सांगलीत निर्जल राहत नाही. आमच्या एका बॅचचा उतारा सतत कमी येत होता, महिनाभर आम्ही पद्धतीला दोष देत होतो, आणि चूक बाटलीत होती. बघून ओळखायचं तर टेट्राहायड्रेट फिकट गुलाबी असतं. पण खरी खात्री ईडीटीए टायट्रेशनने, म्हणजे धातूला पकडणारं ईडीटीएचं द्रावण थेंबथेंब टाकून मँगनीज मोजण्याने. बी.एस्सी.ला केलंय तेच: अमोनिया बफरने पीएच १०, एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि मँगनीज हवेने काळवंडू नये म्हणून चिमूटभर अॅस्कॉर्बिक आम्ल. ०.०१ मोलर ईडीटीएचा प्रत्येक मिलिलिटर म्हणजे ०.५४९ मिलिग्रॅम मँगनीज. टेट्राहायड्रेटमध्ये मँगनीज १९.२ टक्के असायला हवं, निर्जलमध्ये २५.६. तुमचा आकडा मध्येच कुठेतरी आला तर त्या आकड्यावरून वजन काढा, लेबलवरून नाही.

ब्रोमाइड मिळतच नसेल तर मँगनीज कार्बोनेटवर हायड्रोब्रोमिक आम्ल थेंबथेंब टाकून घरीच बनवता येतं. फेस थांबला की थांबायचं, गाळायचं, सावकाश आटवायचं. "घरीच" म्हणजे प्रयोगशाळेत, फ्यूम हूडखाली. हे स्पष्ट लिहावं लागतं, का ते विचारू नका.

कृती

दोन लहान बीकर घ्या, ओव्हनमध्ये सुकवलेले. एकात फॉस्फोनियम क्षार, दुसऱ्यात मँगनीज ब्रोमाइड. दोन्हींत शुद्ध इथेनॉल, लागेल तेवढंच, साधारण ५ मिलिलिटर प्रत्येकी. हॉट प्लेटवर ५० ते ६० अंशांवर हलवत राहा. उघडी ज्योत अजिबात नको. दोन्ही द्रावणं पूर्ण स्वच्छ झाली की गरम असतानाच मँगनीजचं द्रावण फॉस्फोनियममध्ये ओता आणि अर्धा तास ढवळू द्या. गढूळपणा दिसला तर गरम असतानाच गाळा.

आता टॉर्च मारून बघायचा मोह होईल. मारा. काही खास दिसणार नाही, आणि इथे दर वर्षी एक तरी जण हिरमुसतो. इथेनॉल आणि त्यातलं पाणी मँगनीजला चिकटून बसलेले असतात, चार ब्रोमाइडची चौकट अजून नीट बसलेली नसते.

चौकट बसताना बघायची असेल तर हे करा. त्या द्रावणाचा एक थेंब फिल्टर पेपरवर टाका, अंधार करा, टॉर्च मारा: ओला डाग जवळजवळ काळा. मग केस वाळवायचा ड्रायर हातभर अंतरावरून धरा. थेंबाची कड आधी सुकते, तिथे हिरवी बारीक कड उमटते, अगदी भाकरीची कड पापुद्रा सोडते तशी. मग ती कड आत सरकत जाते आणि दहा-पंधरा सेकंदांत अख्खा डाग पेटतो. आता त्यावर वाफाळत्या चहाचा कप धरा, तो पुन्हा मावळायला लागतो. पाणी आलं की ब्रोमाइड हटतात, पाण्याने वेढलेलं मँगनीज जवळपास मुकं असतं. एवढ्या एका कागदावर या पदार्थाची ताकद आणि दुखणं दोन्ही दिसतात. कागद मात्र फिल्टर पेपरच घ्या. साध्या झेरॉक्सच्या कागदात पांढरेपणासाठी चमक-द्रव्य घातलेलं असतं, तो स्वतःच निळा पेटतो. तुमचा पांढरा अॅप्रनही.

स्फटिक करायचे दोन रस्ते.

साधा रस्ता: द्रावण निम्मं आटवा, वर अॅल्युमिनियम फॉइल लावून सुईने चार-पाच भोकं पाडा, आणि कोरड्या जागी दोन दिवस हलवू नका. फिकट पिवळसर-हिरवे स्फटिक तळाशी येतात. साखरेच्या दाण्याएवढे आले तरी खूप झालं.

चांगला रस्ता: लहान कुपीत द्रावण, ती कुपी मोठ्या बरणीत, बरणीत थोडा डायइथाइल ईथर, वर घट्ट झाकण. ईथरची वाफ हळूहळू द्रावणात शिरते, तिथे क्षाराला जागा उरत नाही आणि तो स्फटिक होऊन बाहेर पडतो. तीन-चार दिवसांत काचेसारखे स्फटिक मिळतात. पण ईथरचा उत्कलनांक ३४.६ अंश आहे. एप्रिल-मेमध्ये सांगलीची दुपार चाळिशीला टेकते, म्हणजे बंद बरणीत ईथर उकळणार. हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतला. आणि "मग फ्रिजमध्ये ठेवूया" हे नको. घरगुती फ्रिजच्या आत थर्मोस्टॅटची ठिणगी पडते, ईथरच्या वाफेला तेवढी पुरते. जुन्या ईथरमध्ये पेरॉक्साइड साठतं, म्हणून पोटॅशियम आयोडाइडची चाचणी करूनच बाटली वापरा.

स्फटिक गाळा, थंड ईथरने दोनदा धुवा, पाण्याचा थेंबही लागू देऊ नका. मग डेसिकेटरमध्ये निर्वात करून रात्रभर, किंवा ओव्हनमध्ये ७० अंशांवर चार-पाच तास. सुकण्याआधी आणि नंतर एकाच अंतरावरून मोबाइलने फोटो काढा, एक्स्पोजर लॉक करून. फरक डोळ्यात भरतो, आणि प्रबंधात टाकायला चित्रही मिळतं.

एक गंमत राहिली. डोळे अंधाराला पाच मिनिटं सरावू द्या आणि एक-दोन स्फटिक काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये चिरडा, टॉर्च न लावता. हिरव्या ठिणग्या दिसल्या तर तुमचं नशीब. चिरडल्यावर उजळण्याचा हा गुण मँगनीजच्या अशा बऱ्याच क्षारांत असतो, पण प्रत्येक बॅचमध्ये दिसेलच असं नाही.

टॉर्च कोणती

सोनाराकडे किंवा बँकेत नोटा तपासायला असते ती. पण स्वस्तातली "यूव्ही" म्हणून मिळणारी बहुतेक वेळा ३९५ नॅनोमीटरची असते. तिचा जांभळा प्रकाश सगळ्यावर सांडतो, आणि मँगनीज ब्रोमाइड तिथे कमीच शोषतं. ३६५ लिहिलेली घ्या. गंमत म्हणजे ४५० च्या आसपासची साधी निळी एलईडीही चालते, कारण या संयुगाचे शोषणाचे पट्टे ३६० ते ३७५ आणि ४५० च्या आसपास असे दोन ठिकाणी आहेत. डोळ्यांना चष्मा लावा. ३६५ चा प्रकाश दिसत नाही म्हणून तो मंद आहे असं समजू नका.

मोजमाप: चमकलं म्हणजे जमलं नाही

आधी एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण टाकून स्फटिकाची रचना ओळखणं. आपल्या इथून सोय म्हणजे कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं कॉमन फॅसिलिटी सेंटर. नमुना कुपीत घालून, झाकणाला पॅराफिल्म गुंडाळून, ती कुपी सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवून न्या. एसटीतल्या तासा-दीड तासाच्या प्रवासातही पावसाळ्यात पूड ओलावते. यंत्र चालवणाऱ्याला आवर्जून सांगा: सुरुवात ५ अंशांपासून. बरेच जण सवयीने २० पासून लावतात, आणि आपल्या या मोठ्या घरांच्या स्फटिकाच्या महत्त्वाच्या रेषा नेमक्या त्याआधी येतात. एक विद्यार्थी एवढा मोठा फेरा करून आला आणि आलेखात नुसती शेपूट होती. मिळालेला आलेख प्रसिद्ध स्फटिक-रचनेवरून काढलेल्या आलेखाशी ताडून बघा, आणि शेजारी कोऱ्या फॉस्फोनियम ब्रोमाइडचाही आलेख ठेवा. त्याच्या रेषा तुमच्या नमुन्यात दिसल्या तर मँगनीज कमी पडलंय.

मग उत्सर्जनाचा वर्णपट. शिखर ५१५ ते ५२० नॅनोमीटरच्या आसपास, रुंदी निम्म्या उंचीवर पन्नासेक नॅनोमीटर. ६०० च्या पुढे काही उठलं तर कुठेतरी अष्टफलकी मँगनीज तयार झालंय. पण ७३० वर टोकदार रेघ दिसली तर आनंदाने उड्या मारू नका. ती ३६५ ची दुप्पट आहे, ग्रेटिंगचा (यंत्रात प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या जाळीचा) दुसरा क्रम, तुमच्याच दिव्याचं भूत. शोधकाच्या आधी ४०० च्या खालचं अडवणारा फिल्टर घाला, भूत जातं. ही रेघ "अवरक्त उत्सर्जन" म्हणून मिरवणारं पोस्टर मी स्पर्धेत पाहिलंय, आणि त्याला बक्षीसही मिळालेलं.

क्वांटम यील्ड, म्हणजे शंभर फोटॉन गिळले तर किती परत दिले, हे डोळ्याने सांगायचं नाही. त्यासाठी इंटिग्रेटिंग स्फियर (आतून पांढरा, सगळा उजेड गोळा करणारा पोकळ गोल) लागतो, आणि १९९७ मध्ये डी मेलो, विटमन आणि फ्रेंड यांनी मांडलेली तीन मापांची रीत: रिकामा गोल, नमुना आहे पण झोत त्यावर नाही, आणि झोत नमुन्यावर. पूड प्रकाश कमी शोषते, त्यामुळे नमुना पातळ असला की छेदात फार लहान आकडा येतो आणि निकाल १२० टक्केही निघू शकतो. थर जाड घ्या. स्फियर मिळत नसेल तर "चमक जास्त" एवढंच लिहा, टक्के लिहू नका.

हळद आणि ऑसिलोस्कोप

उजेड विझायला किती वेळ लागतो हे मोजायला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. उलट नॅनोसेकंदांसाठी बनवलेल्या यंत्रावर हा नमुना ठेवला तर कचराच हाती येतो. त्यातला लेझर सेकंदाला लाखो वेळा धडकतो, आणि आपला मँगनीज पहिल्या धडकेतून अजून सावरलेला नसतो.

फिजिक्सकडून फंक्शन जनरेटर, ऑसिलोस्कोप आणि बीपीडब्ल्यू-३४ जातीचा फोटोडायोड मागून आणा. ३६५ ची किंवा निळी एलईडी १०० ओहमच्या रोधातून जनरेटरला जोडा, ० ते ५ व्होल्टची चौकोनी लहर, वारंवारिता १०० हर्ट्झ. म्हणजे ५ मिलिसेकंद चालू, ५ मिलिसेकंद बंद. बंद असतानाचा काळ आपला. फोटोडायोडला १० किलोओहमचा रोध, त्यावरचा व्होल्टेज स्कोपला. डायोडसमोर पिवळा जिलेटिन कागद, नाटकवाल्यांकडे असतो तो, म्हणजे एलईडीचा निळा प्रकाश अडतो. सगळ्यावर काळं कापड.

आता आधी हळद. चिमूटभर हळद शुद्ध इथेनॉलमध्ये हलवा, निवळ द्रावण कुपीत घ्या आणि नमुन्याच्या जागी ठेवा. करक्युमिनचा उजेड नॅनोसेकंदाच्या आतबाहेर विझतो, म्हणजे आपल्या स्कोपला तो तत्काळच. एलईडी बंद झाली की हळदीची रेघ कड्यावरून दगड पडावा तशी खाली येते. ती खरंच किती मायक्रोसेकंदांत पडते ते लिहून ठेवा, कारण ती तुमच्या मांडणीची मर्यादा. आमच्याकडे ती काही मायक्रोसेकंद येते, वायर लांब असतील तर जास्त.

मग कुपी बदला, पूड ठेवा. रेघ आता कड्यावरून पडत नाही, उतारावरून घसरत येते. उंची ३७ टक्क्यांवर यायला लागलेला वेळ हा आयुष्यकाळ. चांगल्या सुकलेल्या नमुन्यात तो काही शेकडो मायक्रोसेकंद असायला हवा. आकडे काढून लॉग घ्या, आलेख सरळ रेषा आला तर सगळे मँगनीज एकाच तऱ्हेच्या घरात आहेत. रेषा मध्येच मोडली, सुरुवातीला उभी आणि मग आडवी, तर काही मँगनीज पाण्याच्या किंवा दोषांच्या शेजारी बसलेत. परत ओव्हन.

त्या दिवशी बोट चमकणाऱ्या मुलीने याच मांडणीवर आपलं बोट ठेवलं होतं. रेघ उभी पडली. हळदच.

याचं करायचं काय

सगळ्यात सोपं म्हणजे रंग बदलणारा थर. थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन, ते टोल्युइनमध्ये विरघळतं. मधासारखं दाट द्रावण करा, त्यात बारीक पूड मिसळा. आधी एका थेंबात चिमूटभर टाकून बघा, पूड विरघळायला नको, नुसती तरंगायला हवी. काचपट्टीवर पसरा, फ्यूम हूडखाली सुकवा, आणि निळ्या एलईडीपासून सेंटिमीटरभर लांब ठेवा. चिपला चिकटवू नका, तापलं की उजेड उतरतो. शोषण कमी असल्यामुळे पातळ थरातून निळाच जास्त बाहेर येतो. तेव्हा थर जाड करा, पूड वाढवा, आणि आलेल्या रंगाला घाईने "पांढरा" म्हणू नका. लाल भाग त्यात नसतोच. तो हवा असेल तर बाजारात मिळणारा पोटॅशियम फ्लोरोसिलिकेटचा लाल फॉस्फर मिसळा. त्यातही चकाकतं ते मँगनीजच, फक्त चार-संयुजी.

दुसरा उपयोग क्ष-किरणांचा. २०२० साली बिवू मा यांच्या गटाने दोन फॉस्फरस असलेल्या सेंद्रिय आयनाबरोबर मँगनीज ब्रोमाइड बांधून क्ष-किरण पडदा केला आणि प्रत्येक मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला सुमारे ८०,००० फोटॉन इतका उजेड मोजला. आपल्या पुडीचीच भावकी. मिरजेत पावलोपावली एक्स-रे यंत्रं आहेत, त्यामुळे "ओळखीच्या डॉक्टरांकडे एकदा ठेवून बघू" हा विचार येणारच. नको. यंत्राचा परवाना रुग्णांसाठी असतो, अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत, आणि किरणांचा हिशेब ठेवणारं कुणी शेजारी नसतं. विद्यापीठातल्या एक्सआरडी यंत्राच्याच झोतात पूड चमकते का हे तिथल्या माणसाला विनंती करून काचेआडून बघता येतं.

पावसाळा

सांगलीशेजारच्या हरिपूरच्या लोकांनी हळद जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षं कोरडी ठेवली. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. पुडीचं गणित तेच आहे: पाणी एकदा शिरलं की संपलं.

आमची पहिली चांगली बॅच जुलैत एका रात्रीत गेली. वॉच ग्लासवर उघडी राहिली, सकाळी पुडीऐवजी चिकट थर. ओव्हनमध्ये सुकवून उजेड परत आला, पण आयुष्यकाळाची रेषा मोडलेली निघाली. म्हणून आता एका बॅचच्या पाच लहान कुप्या भरतो. प्रत्येक कुपी एकदा उघडली की ती बाहेर, परत साठ्यात नाही. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की १२० अंशांवर भाजून घ्यायचं. डेसिकेटरमध्ये बाजारातला छोटा हायग्रोमीटर ठेवायचा आणि आकडा रोज वहीत लिहायचा.

शिसं नाही म्हणून हे निरुपद्रवी नाही. मँगनीजची धूळ दीर्घकाळ श्वासातून गेली तर मज्जासंस्थेला इजा होते, आणि फॉस्फोनियम आयन पेशीत सहज शिरतो. दळताना मास्क आणि हातमोजे हवेतच. धुणावळ सिंकमध्ये ओतायची नाही, कारण सिंक शेवटी कृष्णेलाच जाऊन मिळतो. मँगनीजचा आणि विद्रावकांचा कचरा वेगळ्या लेबलच्या कॅनमध्ये.

जूनमध्ये बंद केलेली कुपी ऑक्टोबरात उघडली की तीच टॉर्च, तेच अंतर, तोच स्कोप. शेजारी हळदीची कुपी. ती मात्र दर वेळी ताजी करा, करक्युमिन उजेडात विटतं.